चोवीस ग्रॅम

डब्यात चमचा नेहमी तळाशी पुरलेला असतो.
बोटं घालून उकरावा लागतो,
मग दिवसभर हाताला वास राहतो
ओल्या पोत्याचा, थोडा व्हॅनिलाचा.
घासून जात नाही.

दोन हजार सातशे रुपये.
खडेबाजारात सुपार्श्व उपाध्येनं पाचशे वहीत मांडले
आणि डबा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला,
जसं काही मी चोरीचं नेतोय.
"दूध चालत नाही ना तुला, भरमा? मग हेच घे.
वाटाण्याचं. एका चमच्याला चोवीस ग्रॅम."
डब्यावर इंग्रजी आहे, कोपऱ्यात कानडी.
आकडे तेवढे मला कळतात.

दूध लहानपणापासून पोटात टिकत नाही.
अंडं-कोंबडी सुटली ती टेम्पोवर असताना:
वर्षभर हुक्केरी ते बेळगाव, रात्रीची खेप,
जाळीतून पाठीला लागणाऱ्या चोची.
त्यात धर्म नाही, नवस नाही.
घास वर येतो, एवढंच.

दिवसा मी मार्केट यार्डात सोयाबीन उतरवतो.
बैलहोंगलचं, सौंदत्तीचं.
आकडा खुपसायचा, पोतं मानेवर घ्यायचं,
मान खाली, गुडघे मोकळे, आणि पळायचं.
उसवलेल्या शिवणीतून दाणे शर्टात शिरतात,
रात्री मोरीत टपटपतात.
एकदा गोदामातला कारकून म्हणाला,
शंभर किलोत छत्तीस किलो प्रोटीन असतंय बघ ह्यात.
त्या दिवशी मी पाठीवरून किती वाहिलं
त्याचा हिशेब करत घरी आलो.
परत केला नाही.

संध्याकाळी वडगावात, मागांच्या गल्लीत,
पत्र्याखालची जिम.
भिंतीपलीकडे माग खडखडतात,
अलीकडे इराण्णा हिरेमठ ओरडतो, "पाठ! पाठ सरळ!"
सतरा वर्षं पोत्यानं मला वाकायला शिकवलं.
बार वाकू देत नाही.
इराण्णा कानडीत मोजतो: ओंदु, एरडु, मूरु.
पुढं पुढं मी मराठीत आईला बोलावतो.
तो म्हणतो, "इन्नोंदु."
अजून एक.

शेवंतानं एकदा बोट बुडवून चाखलं
आणि मोरीत थुंकली.
"चुना पिऊलास काय?"
उधारीचा कागद तिला खिशात सापडला होता,
त्याबद्दल बोललीच नाही, म्हणून जास्त भीती वाटली.
ती शाळेत बिसिऊट शिजवते.
पोरामागं किती ग्रॅम डाळ, किती तांदूळ,
तोंडपाठ आहे तिला.
मला वाटायचं ग्रॅम हे फक्त डब्यावर असतात.

डबा संपला तेव्हा तिनं धुऊन उन्हात पालथा घातला.
चार दिवसांनी परत भरलेला दिसला:
भाजलेले हुलगे, शेंगदाणे, जिरं,
आणि मोरीच्या जाळीवर साठलेलं,
धुतलेलं, वाळवलेलं माझ्या शर्टातलं सोयाबीन,
मूठभर असेल.
"हुलगा घोड्याला घालतात," मी म्हटलं.
"मग?"

चमचा ह्याच्यातही तळाशीच गेला.

गुठळ्या होतात. हलवून हलवून हात दुखतो.
अंगाला लागतंय का, माहीत नाही.
आरशात मला अजून मानेवरचा घट्टाच आधी दिसतो.
इंजिनिअरिंगचा एक पोरगा रोज शेजारी असतो,
त्यानं डबा बघून विचारलं, "अंकल, फ्लेवर कुठला?"
"जिरं," म्हटलं.
त्यानं मान डोलावली, मोबाईलमध्ये शोधू लागला.

काल एकशेतीस लावले होते.
चौथा उचलला, बार गुडघ्याच्या वर आला
आणि लाईट गेली.
माग थांबले.
एवढी शांतता त्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती,
माझाच श्वास कुणा दुसऱ्याचा वाटला.
बार खाली ठेवला, हळूच, आवाज न करता,
झोपलेलं पोर ठेवावं तसा.
इराण्णा कुठल्याशा कोपऱ्यातून म्हणाला,
"भरमाण्णा, एष्टु?"
अंधारात मी म्हटलं, "ऐदु."
झाले होते चार.